साठ यार्डांच्या रानासाठी रायफल

आमच्याकडच्या रानात हरीण दिसतं तेव्हा ते बहुतेक वेळा पन्नास-साठ यार्डांवर असतं. त्यापलीकडे हेमलॉकची गर्द झाडी, तिच्याखाली माउंटन लॉरेलची कमरेएवढी, काही ठिकाणी डोक्यावर जाणारी झुडपं, आणि उतारावर आडवे पडलेले जुने ओंडके. उत्तर-मध्य पेनसिल्व्हेनियातला हा डोंगराळ मुलूख. इथे मी बरीच वर्षं राहते, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हंगाम उघडला की शिकारीला जाते, आणि लेव्हर-ॲक्शन रायफल वापरते, म्हणजे चापाखालची कडी (लेव्हर) खाली-वर करून गोळी भरायची रायफल.

न्यू जर्सीतल्या एडिसन गावी राहणाऱ्या एका भाऊजींनी यंदा विचारलं, "वहिनी, मला पण लेव्हर घ्यायची आहे, कोणती घेऊ?" पाठोपाठ ओहायोतल्या कोलंबसच्या एका तरुण मित्राचा तोच प्रश्न. फोनवर तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा सगळं एकदा लिहून काढते.

दुकानात जायच्या आधी रानात जा. पानं गळाली की जिथे बसणार आहात तिथे बसून चारी बाजूंना बघा. हरणाच्या पुढच्या खांद्यामागची छाती पूर्ण मोकळी दिसेल अशी सगळ्यात लांबची फट किती अंतरावर आहे? पावलांनी मोजा किंवा रेंजफाइंडर लावा. माझ्या बसायच्या जागांपैकी एकीवरूनच नव्वद यार्डांपर्यंत दिसतं, तेही लाकूडतोडीचा जुना रस्ता समोर असल्यामुळे. बाकी सगळीकडे साठाच्या आत. तुमचा आकडा दीडशेच्या वर जात असेल, कापणी झालेल्या मक्याच्या शेताकडे बघत बांधावर बसायचं असेल, तर लेव्हरचा नाद सोडा. दुर्बीण लावलेली साधी बोल्ट-ॲक्शन (बाजूची मूठ हाताने मागे-पुढे ओढून भरायची रायफल) घ्या, ती स्वस्तही पडेल. पण आकडा शंभराच्या आत असेल तर पुढचं वाचा.

आणि त्याआधी कायदा, कारण तो राज्याराज्यात वेगळा आहे. भाऊजी, न्यू जर्सीत हरणासाठी सेंटरफायर, म्हणजे नेहमीच्या शिकारी काडतुसाची, रायफल चालतच नाही. तिथे शॉटगन, ठासणीची बंदूक किंवा धनुष्य. म्हणजे रायफल घेतलीत तरी शिकारीला इकडे यावं लागेल, परराज्यातल्यांचं लायसन्स काढून. ओहायोत सरळ भिंतीच्या काडतुसाची रायफल चालते, किमान .३५७ कॅलिबरची (कॅलिबर म्हणजे इंचांतला गोळीचा व्यास). थर्टी-थर्टी, म्हणजे लेव्हर रायफलींचं नेहमीचं काडतूस, बाटलीसारखं मानेशी निमुळतं होतं, त्यामुळे ते ओहायोत हरणाला बाद. तिथल्यांनी फोर्टी-फोर मॅग्नम किंवा फोर्टीफाइव्ह-सेव्हन्टी या सरळ भिंतीच्या काडतुसांकडे बघावं. आमच्या पेनसिल्व्हेनियाची गंमत आणखी निराळी. इथे हरणाच्या शिकारीला सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही. त्यामुळे गालावरचा दस्ता न हलवता पटकन दुसरी गोळी भरायची सोय हवी असेल तर पंप (नळीखालची मूठ मागे-पुढे सरकवून भरायची रायफल) किंवा लेव्हर हेच दोन रस्ते. इथल्या जुन्या घरांत एक तरी पंप किंवा लेव्हर सापडते त्याचं एक कारण हे आहे.

माझं स्वतःचं कारण शरीराचं. मी डावखुरी आहे. बोल्ट-ॲक्शनची मूठ उजवीकडे असते. डाव्या खांद्याला रायफल लावली की दर गोळीला हात वरून पलीकडे न्यावा लागतो आणि डोळा सावजावरून हलतो. डावखुऱ्यांसाठीच्या बोल्ट रायफली मिळतात, पण मोजक्याच आणि महाग. लेव्हर मात्र मधोमध, चापाच्या खाली. ती डाव्या-उजव्याचा भेद करत नाही. हाताच्या चार बोटांनी लेव्हर खाली ढकलली की बोल्ट मागे सरकतो, रिकामी केस (काडतुसाचं पितळी कवच) बाहेर पडते, घोडा चढतो. लेव्हर वर ओढली की नळीखालच्या मॅगझीनमधून आलेलं काडतूस उचलून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खणात, जातं. सगळं होईपर्यंत गाल दस्त्यावरच.

दुसरं म्हणजे ही बंदूक चपटी असते. बाजूला मूठ नाही, पोटाखाली मॅगझीनचा डबा नाही. वजनाचा मध्य बरोबर रिसीव्हरखाली (रिसीव्हर म्हणजे यंत्रणा असलेला मधला भाग) येतो, त्यामुळे एका हाताच्या मुठीत धरून दिवसभर चढ-उतार करता येतात. वीस इंची नळी, एकूण लांबी अडतीस इंचांच्या आसपास. लॉरेलच्या जाळीतून वाकून जाताना चार-पाच इंचांचा फरक किती मोठा असतो, ते गेल्याशिवाय कळत नाही.

या सगळ्याचं मूळ एका माणसापाशी जातं. युटामधल्या ऑग्डेनचे जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी विंचेस्टर कंपनीसाठी मॉडेल १८९४ ही लेव्हर रायफल रचली, आणि पुढच्याच वर्षी तिच्यासाठी थर्टी-थर्टी काडतूस आलं. साधारण ०.३० इंच व्यासाची गोळी आणि ३० ग्रेन (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) बिनधुराची दारू. बिनधुराच्या दारूवर चालणारं अमेरिकेतलं हे पहिलं लहान व्यासाचं शिकारी काडतूस. सव्वाशेहून अधिक वर्षं झाली, विंचेस्टरच्या या एका मॉडेलच्या सत्तर लाखांवर रायफली निघाल्या, आणि आजही आमच्या गावातल्या लोखंड-सामानाच्या दुकानात थर्टी-थर्टीची खोकी मिळतात. गोळी संपली तर गावात मिळते का, हा प्रश्न निवडीत फार वर असला पाहिजे.

आता काडतुसाचं. १५० ग्रेनची थर्टी-थर्टी गोळी नळीतून सेकंदाला सुमारे २,४०० फुटांनी निघते. नळीपाशी तिची ऊर्जा १,९०० फूट-पाउंडांच्या आसपास, शंभर यार्डांवर साधारण १,३००. पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या छातीसाठी हे पुरून उरतं. शंभर यार्डांवर नेम जुळवला तर दोनशेवर गोळी सात-आठ इंच खाली जाते, म्हणून तिथे हिचं कामच नाही. धक्का मात्र थर्टी-ऑट-सिक्स या मोठ्या शिकारी काडतुसाच्या जवळपास निम्मा. धक्का कमी म्हणजे सराव जास्त होतो, आणि सराव जास्त झाला की चाप ओढताना डोळा मिटत नाही. बारीक चणीच्या माणसाने तर हे आधी बघावं.

फोर्टीफाइव्ह-सेव्हन्टी दुकानदार आवडीने पुढे करतात. १८७३ चं काडतूस, अंगठ्याएवढी गोळी, हातात घेतलं की माणूस भारावतो. अस्वलांच्या मुलखात ते योग्य आहे, ओहायोत कायद्यात बसतं म्हणूनही योग्य आहे. पण साठ यार्डांवरच्या हरणाला इतक्या दणक्याची गरज नाही, आणि त्याच्या एका खोक्याच्या पैशांत थर्टी-थर्टीचा बराच सराव होतो. थर्टी-फाइव्ह रेमिंग्टन १९०६ चं, जंगलासाठी उत्तम, माझ्या शेजारच्या आजोबांचा त्यावर जीव. पण गोळ्या आता शोधाव्या लागतात. फोर्टी-फोर मॅग्नम शंभराच्या आत चांगलं काम करतं. थ्री-फिफ्टी-सेव्हन काडतुसाच्या आखूड रायफलीतून मी पंचाहत्तरच्या पुढे हरणावर मारणार नाही.

एक गैरसमज इथेच दूर करते. "जड, बोथट गोळी झुडपातून सरळ जाते" असं जुनी मंडळी सांगतात, दुकानातही सांगतात. नाही जात. फांदीला लागलेली कुठलीही गोळी वळते, जड असो वा हलकी. फांदी हरणाला चिकटून असेल तर फरक थोडा, फांदी तुमच्या बाजूला आणि हरीण वीस यार्ड पलीकडे असेल तर गोळी पोटात लागू शकते, आणि पोटात गोळी लागलेलं हरीण रात्रभर तडफडतं. झुडपाच्या आड छाती असेल तर बार काढायचा नाही. या रानात थांबून फटीची वाट बघणं हीच शिकार आहे.

गोळीच्या टोकाबद्दल सक्त नियम. नळीखालच्या मॅगझीनमध्ये काडतुसं एकामागे एक लागतात; मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला, म्हणजे दारू पेटवणाऱ्या प्रायमरला, टेकलेलं असतं. कडक अणकुचीदार टोक असेल तर धक्क्याने प्रायमर पेटू शकतो, आणि तो स्फोट तुमच्या डाव्या नाहीतर उजव्या तळहाताखाली होईल. म्हणून चपट्या किंवा गोल नाकाच्याच गोळ्या. हॉर्नाडी कंपनीने मऊ, दबणाऱ्या टोकाची अणकुचीदार गोळी खास लेव्हरसाठी काढली आहे, ती चालते. बाकी कुठलीही टोकदार गोळी नाही. टोकदार गोळ्याच हव्या असतील तर डब्याचं मॅगझीन असलेली ब्राउनिंग बीएलआर किंवा फिरत्या मॅगझीनची जुनी सॅव्हेज ९९ घ्यावी. दोन्ही सुंदर लेव्हर बंदुका आहेत, थ्री-ओ-एट काडतुसासाठी मिळतात. पण साठ यार्डांसाठी त्या मला जास्त वाटतात.

तर निवड या तिघींत: विंचेस्टर ९४ (वरची मॉडेल १८९४), मार्लिन ३३६ आणि हेन्री. आमच्या गावातल्या दुकानात वापरलेल्या बंदुकांच्या रांगेत तिन्ही असतात, आणि मी त्या पुन्हा पुन्हा खांद्याला लावून पाहिल्या आहेत.

विंचेस्टर ९४ सगळ्यात सडपातळ आणि हलकी. हातात घेताच आवडते. जुन्या ९४ मधून रिकामी केस थेट वर उडते, म्हणजे रिसीव्हरच्या मधोमध दुर्बीण बसवता येत नाही. १९८० च्या दशकात केस तिरकी बाहेर पडण्याची रचना आली तेव्हा ती अडचण सुटली. १९६४ पूर्वीच्या रायफलींना संग्राहकांचा भाव आहे, कारण त्या साली खर्च वाचवण्यासाठी बनावट बदलली. न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये बंद झाला. आता नव्या ९४ जपानमध्ये मिरोकूच्या कारखान्यात बनतात, आणि काम फार नीटस असतं. दुर्बीण लावायचीच नाही असं ठरलं असेल तर मी कुणालाही ९४ घ्यायला सांगेन.

हेन्री कंपनीचं नाव १८६० च्या हेन्री रायफलीवरून घेतलेलं, पण कंपनी १९९० च्या दशकातली. ॲक्शन लोण्यासारखी चालते. तिची मूळ रचना अशी की मॅगझीनच्या आतली नळी पुढून बाहेर ओढून वरून काडतुसं टाकायची. रानात थंडीत हे मला गैरसोयीचं वाटतं, कारण भरताना हात नळीच्या तोंडाशी जातात. अलीकडच्या मॉडेलांना बाजूचं दारही आहे, घेतलीत तर तेच घ्या. तिचा एक मोठा फायदा संध्याकाळी कळतो. पेनसिल्व्हेनियात भरलेली बंदूक गाडीत ठेवता येत नाही, आणि मॅगझीनमध्ये गोळ्या असल्या तरी ती भरलेलीच धरतात. मार्लिन-विंचेस्टर रिकामी करायची तर दर काडतूस लेव्हर मारून चेंबरमधून काढावं लागतं. अंधारात, गार बोटांनी, दर वेळी घोडा चढवत. हेन्रीची नळी ओढली की मॅगझीनमधली काडतुसं हातात ओघळतात, फक्त चेंबरमधलं एक उरतं. पितळी रिसीव्हरची हेन्री मात्र डोंगरासाठी नको. दिसायला देखणी, पण आठ पौंडांच्या वर जाते. पोलादी घ्या.

मी घेतली मार्लिन ३३६. हे मॉडेल १९४८ पासूनचं. रिसीव्हर वरून बंद आणि सपाट, केस उजवीकडे बाहेर पडते, त्यामुळे दुर्बीण, पीप साइट (भोकातून बघायची मागची साइट), काहीही सरळ बसतं. बर्फ-पाऊसही वरून आत शिरत नाही. डावखुऱ्याच्या तोंडासमोरून केस जाते हे खरं, पण ती पुढे-उजवीकडे उडते, मला कधी लागली नाही. आणि गोळ्या भरायचं दार उजवीकडे असल्याने डावा हात मुठीवर ठेवून उजव्याने भरता येतं. माझी १९७० च्या दशकातली, अक्रोडाच्या दस्त्याची.

वापरलेली मार्लिन घेताना नळीवर रिसीव्हरजवळ "जेएम" हा छोटा शिक्का बघतात. तो कनेटिकटमधल्या जुन्या कारखान्याचा. २००७ च्या अखेरीस कंपनी रेमिंग्टन या दुसऱ्या बंदूक कंपनीकडे गेली, कारखाना हलला, आणि त्या संक्रमणातल्या काही वर्षांच्या रायफलींबद्दल लोकांचं मत विभागलेलं आहे. त्या काळातली मिळाली तर ॲक्शन हाताने नीट तपासा, लाकूड आणि लोखंड जिथे मिळतं तिथल्या फटी बघा. २०२० मध्ये रुगरने मार्लिन विकत घेतली, २०२३ पासून नव्या ३३६ नॉर्थ कॅरोलायनात बनू लागल्या. शेजाऱ्याच्या नव्या ३३६ वर मी हात फिरवला आहे. काम पक्कं आहे. किंमत हजार डॉलरच्या वर. जुनी नीट शोधली तर त्याहून बरीच कमी पडते.

वापरलेली कुठलीही घेताना खिशात नकली काडतुसं न्या आणि दुकानदाराची परवानगी घेऊन ती भरून, लेव्हर पूर्ण ताकदीने आणि मग अगदी सावकाश मारून बघा. सावकाश मारल्यावर काडतूस अडकत असेल तर ती ठेवून द्या. नळीच्या तोंडाची कड चेपलेली नको. स्क्रूच्या खाचा झिजलेल्या दिसल्या तर कुणीतरी आत हात घातलेला आहे.

साइटबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण चाळिशीनंतर हाच खरा प्रश्न होतो. कारखान्याची मागची साइट नळीवर, डोळ्यापासून हातभर लांब असते. ती, पुढची साइट आणि हरीण, तिन्हींवर डोळा एकदम नीट बसत नाही. वय वाढलं की मागची साइट धुरकट होते. पीप साइट रिसीव्हरच्या मागच्या टोकाला बसते. तिच्या भोकातून नुसतं आरपार बघायचं. भोकाचा मध्य डोळा आपोआप शोधतो, तुम्ही फक्त पुढची साइट छातीवर ठेवायची. मोठ्या भोकाची पीप हेमलॉकखालच्या पहाटेच्या उजेडातही चालते, आणि रिसीव्हरखाली मुठीत धरून चालण्याची सोय जशीच्या तशी राहते. दुर्बीण लावलीत तर ती सोय गेलीच म्हणा. नजर फारच क्षीण असेल तर एक ते चार पट मोठं दाखवणारी छोटी दुर्बीण लावा, आणि घोड्यावर बाजूला निघणारं छोटं टोक बसवून घ्या, नाहीतर दुर्बिणीखाली अंगठा पोचत नाही. ते टोक डावीकडेही वळवता येतं.

दस्ता अंगाला बसला पाहिजे, आणि तो हिवाळी जाकीट घालूनच मापायचा. टी-शर्टवर बसलेला दस्ता नोव्हेंबरात काखेत अडकतो. माझा मी पाऊण इंच कापून घेतला, मागे रबरी पॅड बसवला. गावातल्या कारागिराने एका दुपारीत केलं, आणि या रायफलीवर खर्च केलेला सगळ्यात सार्थकी लागलेला पैसा तो.

घोड्याबद्दल कान देऊन ऐका. १९८४ च्या आधीच्या मार्लिनला बाजूचं सेफ्टी बटण नाही. घोडा अर्ध्यावर आणून ठेवायचा हीच सेफ्टी. चढलेला घोडा जिवंत काडतुसावर उतरवताना अंगठ्याने घट्ट धरून, चाप ओढून, सावकाश सोडावा लागतो. जाड हातमोज्यात अंगठा निसटला तर बार होतो. म्हणून चालताना माझं चेंबर रिकामं असतं. जागेवर बसले की एकदा लेव्हर मारायची, नळी मोकळ्या उताराकडे ठेवून घोडा अर्ध्यावर घ्यायचा, मग थर्मास उघडायचा. नव्या माणसाने बटण असलेली किंवा टँग सेफ्टीची (दस्त्याच्या वर अंगठ्याखाली सरकणारी सेफ्टी) रायफल घ्यावी. तरीही नळीचं तोंड कुठे आहे ते भान कुठलंही बटण देत नाही.

व्हिसावर असलेल्या मराठी मुलांसाठी एक गोष्ट स्वतंत्र सांगते. एच-वन-बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगायला साधारणपणे बंदी आहे. वैध शिकारी लायसन्स असेल तर अपवाद आहे, पण कागद हातात असल्याशिवाय मित्राची रायफल रेंजवर हातात घेणंही अंगाशी येऊ शकतं. आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. मी ग्रीन कार्ड येईपर्यंत थांबले. इथे पहिलं लायसन्स काढण्याआधी हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स करावाच लागतो, आणि अनुभव असला तरी तो मन लावून करा.

शिकार का करतेस, असं घरचे विचारतात. कोकणात आजोबांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक होती, भातात डुकरं शिरू नयेत म्हणून. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडे शिकारीला लगाम घातला, आणि आपल्या जंगलांची अवस्था बघता तो हवाच होता. इथलं चित्र उलट आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला पेनसिल्व्हेनियातली हरणं जवळजवळ संपली होती. १९०६ पासून बाहेरच्या राज्यांतून आणून सोडली. आता लांडगे नाहीत, प्यूमा नाहीत, आणि हरणं वाढली की ओक-हेमलॉकची रोपं जमिनीतून वर येत नाहीत. राज्याचं गेम कमिशन (शिकारीचं नियमन करणारं खातं) दर विभागात किती माद्या मारायच्या ते ठरवतं. मी माझा एक टॅग (एका हरणाचा परवाना) भरते आणि ते मांस वर्षभर घरात खाते. चरबी नसल्याने कांदा-खोबऱ्याचं वाटण सढळ लागतं.

मांस घरातली मुलं खातात, म्हणून मी तांब्याची, चपट्या नाकाची गोळी वापरते. शिशाची गोळी फुटली की तिचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब मांसात जातात. रानात टाकलेल्या आतड्यांवर गरुड येतात आणि त्यांना शिशाची बाधा होते. तांब्याच्या गोळीला पैसे जास्त पडतात, पण हंगामात गोळ्या लागतात किती? सराव स्वस्त गोळ्यांनी करा, आणि हंगामाआधी तांब्याच्या गोळीवर साइट पुन्हा जुळवा, कारण ती वेगळ्या जागी लागते.

सराव टेबलावर बसून नको. नऊ इंची कागदी ताटली पन्नास यार्डांवर टांगा. उभ्याने, मग गुडघ्यावर, मग झाडाला टेकून. ज्या अंतरावर सगळ्या गोळ्या ताटलीत बसतात ते तुमचं अंतर, बंदुकीच्या खोक्यावर काहीही छापलेलं असो. माझं उभ्याने साठ आहे, टेकून नव्वद.

या वर्षी मुलीचा कोर्स झाला आहे. ती उजवी, माझ्याहून उंच, आणि माझी मार्लिन तिला आखूड पडते. शेजारच्या आजोबांनी त्यांची १९५० च्या दशकातली ९४ तिला रेंजवर वापरायला दिली आहे. भाऊजी, ऑक्टोबरातल्या एखाद्या शनिवारी इकडे या. दोन्ही रायफली खांद्याला लावून बघा, जाकीट सोबत आणा, आणि मग काय ते ठरवा.